बाबांच्या पायातली चप्पल

गेल्या श्रावणात ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारताना बाबांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना कळलंच नाही. चार पावलं तसेच अनवाणी गेले. चप्पल उचलताना माझ्या पोटात गोळा आला.

नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी बी-१२ जीवनसत्त्व आणि होमोसिस्टीन हा रक्तातला घटक तपासायला लावलं. बी-१२ तळाला; ते कमी पडलं की नसा दुखावतात, पाय बधिर होतात. होमोसिस्टीन ३८, साधारण १५ पर्यंत ठीक मानतात. बाबा जन्माचे शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं, हे बारा वर्षांत कुणीच सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रथिनांतल्या मेथिओनीन या अमिनो आम्लापासून शरीरात होमोसिस्टीन बनतं. बी-१२, फोलेट, बी-६ पुरेसं असलं की ते मार्गी लागतं, नाहीतर रक्तात साचतं. १९६९ साली अमेरिकन डॉक्टर किल्मर मॅककली यांनी त्याचा संबंध धमन्यांच्या आजाराशी जोडला. पण पुढे मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वं देऊन आकडा उतरला, तरी हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. म्हणून ‘ही गोळी घ्या, हृदय सांभाळा’ असले फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका. बाबांची बीपी-कोलेस्टेरॉलची औषधं चालूच आहेत. बी-१२ची इंजेक्शनं मुख्यतः नसांसाठी.

तीन महिन्यांनी आकडा १४ आला. पायांत मुंग्या थोड्या येतात अजून. काल तलावपाळीला बाबा स्वतःच थांबले, खाली वाकले. म्हणाले, "थांब गं, चप्पल सैल झालीय."