हिरड्यांचे उपचार आणि फिटनेसची चिठ्ठी

मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर, तपासणी आणि एक्स-रे हे सारे विनासायास पार पडले. हिरड्यांच्या विभागात एका विद्यार्थिनीने मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालून मोजणी केली. ती आकडे सांगत होती आणि शेजारची मैत्रीण ते तक्त्यात भरत होती. निरोगी हिरडीत ही खोली १ ते ३ मिलिमीटर असते. माझ्या मागच्या दाढांपाशी मात्र ‘सहा, सहा, सात’ असे ऐकू येऊ लागले. एवढ्या खोलवर ब्रश पोहोचत नसल्याने, भूल देऊन मुळांपर्यंतची सफाई करायची असे ठरले.

मला मधुमेह असल्याचे कळताच गाडे अडले. एचबीएवनसी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, त्यांनी मागितली ती रास्तच होती, कारण साखर हाताबाहेर असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रिपोर्ट चांगला आला, तरी ‘फिजिशियनचा फिटनेस आणा’, म्हणजे रुग्ण उपचारासाठी तंदुरुस्त असल्याची चिठ्ठी आणा, असे फर्मान निघाले. आमच्या डॉक्टरांनी ‘मधुमेह नियंत्रणात’ असे लिहून दिले, तेव्हा विभागात ‘उपचारास हरकत नाही हे कुठे लिहिले आहे?’ असा प्रश्न आला. तेही लिहून आणले, तर त्या दिवशीच्या ड्युटीवरील डॉक्टरांना भुलेच्या इंजेक्शनातले ॲड्रेनालिन (भूल जास्त वेळ टिकावी म्हणून मिसळलेले औषध) मला चालेल का, हे लेखी हवे होते. ‘ते दंतवैद्यांनी ठरवायचे, मी काय लिहू?’ असे म्हणत आमचे डॉक्टर माझ्यावरच वैतागले. बोरिवलीहून गर्दीच्या लोकलने ओपीडीची वेळ गाठायची आणि दोन डॉक्टरांमधला टपाल्या होऊन परतायचे, याला उपचार कसे म्हणावे? अखेर विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी उभ्याउभ्या रिपोर्ट वाचून केसपेपरवर सही केली, तेव्हा आनंदापेक्षा संतापच अधिक झाला. फिजिशियनकडून नेमके काय हवे ते विभागाकडून केसपेपरवरच लिहून घ्यावे आणि त्याच्याच खाली उत्तर आणावे.

प्रत्यक्ष सफाई दोन टप्प्यांत झाली आणि त्रास फारसा झाला नाही. जाताना नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊनच जावे. उपाशीपोटी रांगेत उभे राहिल्यास साखर उतरते. नंतर थंड पाणी झोंबते आणि सूज ओसरल्याने दातांमध्ये फटी दिसतात. सफाईने दात सैल होतात, ही समजूत त्यावरूनच पसरली असावी. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या सांगितल्या तेवढेच दिवस कराव्यात, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात. मेडिक्लेमवर मात्र विसंबू नये. बहुतेक पॉलिसींत दातांच्या ओपीडीचा खर्च बसत नाही, हे आधी तपासलेले बरे.

काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा बहुतेक आकडे उतरले होते. एका दाढेपाशी अजून सहा आहे. तिथे हिरडी उघडून फ्लॅपची शस्त्रक्रिया करायची का, हे पुढच्या मोजणीनंतर ठरेल.