ठिपका उमटवणारी पेशी

लालबागच्या माझ्या मावशीला संधिवात आहे. टीएनएफ हा सूज वाढवणारा रेणू रोखणारे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी तिला क्षयरोगाच्या सुप्त संसर्गासाठी रक्ताची इग्रा चाचणी करून आणायला सांगितले, कारण ही इंजेक्शने घेताना शरीरात दबून राहिलेला क्षय डोके वर काढू शकतो. अहवाल आला तेव्हा त्यात ‘पॉझिटिव्ह’ नव्हते आणि ‘निगेटिव्ह’ही नव्हते, ‘इनडिटर्मिनेट’ एवढेच छापलेले होते. ‘‘अगं, पैसे मोजून हे काय हाती आलं? तू ह्याच कामात आहेस ना?’’ असे तिने फोनवर विचारले. मी परळच्या एका प्रयोगशाळेत विशिष्ट प्रतिजन, म्हणजे जंतूचे ठरावीक प्रथिन, ओळखणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मोजण्याचे काम करते, त्यामुळे प्रश्न योग्य व्यक्तीला विचारला गेला होता. पण त्याचे उत्तर फोनवर देता येईल एवढे लहान नव्हते.

मुळात अडचण संख्येची आहे. एखाद्या जंतूच्या एका ठरावीक तुकड्याला ओळखणारी टी-पेशी, त्या जंतूशी कधीच गाठ पडली नसेल तर, लाखात किंवा दहा लाखांत एखादीच असते. दोन किलो तांदळात साधारण लाखभर दाणे मावतात. त्यात एकच दाणा वेगळ्या वाणाचा आहे, दिसायला इतरांसारखाच आहे आणि तो निवडून काढायचा आहे, असे हे काम आहे. डोळ्यांनी तो वेगळा दिसणार नाही. म्हणून एक तर त्याला काही करायला लावावे लागते, नाहीतर फक्त त्यालाच चिकटेल असे काही तयार करावे लागते. आमच्या बहुतेक पद्धती या दोन वाटांपैकी एकीवर चालतात आणि त्यांच्या निकालांवरून होणारे पुष्कळसे वाद या दोन वाटांची गल्लत झाल्याने होतात.

पेशीला काही करायला लावण्याच्या पद्धतींमध्ये माझे मन एलिस्पॉटवर जडले आहे. ही पद्धत १९८३ साली स्वीडन आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. तेव्हा ती प्रतिपिंडे सोडणाऱ्या बी-पेशी मोजण्यासाठी होती आणि टी-पेशींसाठी तिचा वापर काही वर्षांनी सुरू झाला. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी एक पांढरा पडदा असतो आणि त्यावर गॅमा इंटरफेरॉनला, म्हणजे जागी झालेली टी-पेशी सोडते त्या संदेश-प्रथिनाला, पकडणारी प्रतिपिंडे आदल्या दिवशी बसवून ठेवलेली असतात. रक्तातून वेगळ्या केलेल्या दोन-अडीच लाख पेशी प्रत्येक खळग्यात सोडायच्या, त्यांना प्रतिजनाचे तुकडे द्यायचे आणि प्लेट ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. ज्या पेशीला तो तुकडा ओळखता येतो ती गॅमा इंटरफेरॉन सोडू लागते आणि ते दूर वाहून जाण्याआधीच तिच्या भोवतीच्या पडद्यावर पकडले जाते. दुसऱ्या दिवशी पेशी धुऊन टाकतात, दुसरे प्रतिपिंड, विकर आणि रंगद्रव्य घालतात आणि जिथे जिथे पेशी बसली होती तिथे निळा-जांभळा ठिपका उमटतो. भिंगाखाली खरा ठिपका टीपकागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखा दिसतो. मध्ये गडद, कडेला विरत गेलेला. कडा अगदी कोरलेल्या असतील तर तो बहुधा रंगाचा कण किंवा कचरा असतो, हे मशीनला शिकवावे लागते आणि नव्या मुलांनाही.

पेशी निघून गेलेली असते आणि आपण तिच्या खुणेवरून तिची मोजणी करतो, ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण त्यासाठी त्या रात्री प्लेट जराही हलता कामा नये. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने सगळे ठीक चालले आहे ना हे पाहण्यासाठी रात्री इन्क्युबेटर उघडून प्लेट पुढे ओढली आणि परत ठेवली. सकाळी प्रत्येक ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटलेली होती. त्याने काही सांगण्याची गरजच उरली नव्हती.

दुसरी वाट चिकटवण्याची. टी-पेशी प्रतिजनाचा मोकळा तुकडा ओळखत नाही. तो पेशींच्या पृष्ठभागावरच्या एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून दाखवावा लागतो. हा शोध डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये मांडला आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. मग असा तुकडा बसवलेला रेणू बनवून, त्याला चमकणारा रंग लावून पेशींवर सोडला तर? अडचण अशी की ही पकड फार सैल असते आणि एकटा रेणू काही सेकंदांत सुटून जातो. १९९६ मध्येच स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने असे चार रेणू स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रथिनाच्या भोवती एकत्र बांधले. एक हात सुटला तरी तीन धरून राहतात, म्हणून ही चौकडी, म्हणजे टेट्रामर, पेशीवर टिकतो आणि एकेक पेशी प्रकाशात तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटर या यंत्रात ती पेशी उजळून दिसते.

या साधनाने आधीची गणिते पार बदलली. मूळच्या हैदराबादच्या रफी अहमद यांच्या अमेरिकेतल्या गटाने १९९८ मध्ये दाखवले की एका विषाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांत, संसर्ग ऐन भरात असताना, सीडी-८ पेशींपैकी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींपैकी) निम्म्याहून अधिक पेशी त्याच विषाणूला ओळखणाऱ्या असतात. तोवर पेशी विरळ करून वाढवून मोजण्याची जी पद्धत होती, तिच्यात फक्त वाढू शकणाऱ्या पेशीच मोजल्या जात. उरलेल्या केवळ गर्दीत सामील झालेल्या आहेत असे मानले जाई.

टेट्रामरचे दोन दोष मात्र मुंबईत काम करताना पदोपदी जाणवतात. पहिला असा की तो पेशी आहे एवढेच सांगतो. ती काही करते की थकून बसली आहे, हे त्याला कळत नाही. दुसरा असा की तो एकाच एचएलए (माणसातले एमएचसी) प्रकारासाठी बनलेला असतो. बाजारात सहज मिळणारे बरेचसे टेट्रामर एचएलए-ए-०२:०१ साठी आहेत, कारण युरोपीय लोकसंख्येत तो फार आढळतो. आपल्याकडे ए-२ गटातले इतर उपप्रकारही लक्षणीय प्रमाणात दिसतात. म्हणून आम्ही प्रथिनाचे १५-१५ अमिनो आम्लांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे करतो आणि सगळे एकत्र देतो. प्रत्येकाच्या पेशी आपापल्या एचएलएवर जमेल तो तुकडा चढवतात आणि रक्तदात्याचा प्रकार कोणता हे आधी माहीत असण्याची गरज पडत नाही. ब्रेफेल्डिन हे रसायन घालून इंटरफेरॉन पेशीतच अडवून धरायचे आणि आत रंग देऊन पाहायचे, ही या दोन वाटांमधली पद्धत आहे. तिच्यात पेशीची जातही कळते आणि कामही कळते, पण पेशी मरते.

आता मावशीची चाचणी. मॅन्टू चाचणीत हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूच्या प्रथिनांचा अर्क, टोचून ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. तेही खरे तर टी-पेशी ओळखण्याचेच तंत्र आहे, फक्त प्रयोगशाळेच्या जागी माणसाचा हात आहे. आपल्याकडे जन्मतःच क्षयाविरुद्धची बीसीजी लस दिली जात असल्याने आणि तिच्यामुळेही गाठ येऊ शकत असल्याने त्या गाठीचा अर्थ लावताना घोटाळा होतो. इग्रामध्ये क्षयजंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने वापरतात आणि त्यांना उत्तर म्हणून पेशींनी सोडलेले गॅमा इंटरफेरॉन मोजतात. कॅल्मेट आणि गेरँ यांनी बीसीजीचा जंतू १९०८ पासून वर्षानुवर्षे वाढवत सौम्य केला, त्या प्रवासात ही प्रथिने बनवणारा जनुकांचा तुकडा गळून गेला. त्यामुळे लसीने तयार झालेल्या पेशी या प्रथिनांना उत्तर देत नाहीत. रक्त चार नळ्यांत घेतात: दोनांत ही प्रतिजने, एक कोरी आणि चौथीत मायटोजेन, म्हणजे राजम्यापासून काढलेले फायटोहिमॅग्लुटिनिन, जे जवळजवळ कोणत्याही जिवंत टी-पेशीला जागे करते. कच्चा राजमा पोटाला बाधतो तो याच पदार्थामुळे.

मावशीच्या अहवालात प्रतिजनाच्या नळ्या शांत होत्या, पण मायटोजेनची नळीही जवळपास शांत होती. म्हणजे चाचणीने तिला संसर्ग नाही असे म्हटले नव्हते. तुमच्या पेशी राजम्यालाही उत्तर देत नाहीत, तेव्हा क्षयाबद्दल त्यांना विचारून उपयोग नाही, असे म्हटले होते. याची दोन कारणे मला दिसत होती. ती अनेक महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत होती आणि स्टेरॉइडने टी-पेशी मंदावतात. दुसरे कारण तिने बोलता बोलता सांगितले: घरी रक्त न्यायला आलेल्या मुलाने नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या होत्या. साखर आणि कोलेस्टेरॉलचे नमुने थंड ठेवायची त्याला सवय, त्यात मे महिना. त्याने आपल्या परीने काळजीच घेतली. पण या चाचणीसाठी रक्त इन्क्युबेटरमध्ये जाईपर्यंत १७ ते २७ अंशांत राहावे लागते. बर्फावर पेशींची उत्तर देण्याची ताकद कमी होते आणि उन्हाळ्यातली मुंबईची खोलीही त्या मर्यादेत बसत नाही. चाचणीच्या पुस्तिकेतले ‘खोलीचे तापमान’ हे शब्द आपल्या खोल्या पाहून लिहिलेले नाहीत.

दुसऱ्यांदा मी तिला थेट तपासणी केंद्रावरच जायला सांगितले, जिथे इन्क्युबेटर त्याच इमारतीत आहे. या वेळी मायटोजेनची नळी मोजपट्टीच्या वर गेली. प्रतिजनाच्या नळीतून कोऱ्या नळीचा आकडा वजा केल्यावर ०.४१ उरले, पॉझिटिव्हची रेषा ०.३५ वर आहे. ‘‘म्हणजे टीबी झालाय का मला?’’ तिने विचारले. तुझ्या काही पेशी त्या जंतूला ओळखतात, त्यांची गाठ कधी पडली आणि जंतू आज जिवंत आहे का, हे त्या पेशी सांगत नाहीत, असे मी तिला सांगितले. शिवाय रेषेला इतका चिकटलेला आकडा पुन्हा मोजला तर खालीही येऊ शकतो. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला आहे आणि तो पाहून प्रतिबंधक औषधांचे ठरेल. शुक्रवारी तिच्याबरोबर मी जाणार आहे.