शेवट माहीत असलेली भुताची गोष्ट

“शेवट पाठ आहे ना तुझा? मग तीच ती भुताची गोष्ट परत कशाला ऐकतेस?” धारप-मतकरी वाचून वाढलेली माझी मित्रमंडळी हे मला नेहमी विचारतात, कारण माझ्या कानात बहुतेक वेळा एम. आर. जेम्स, नाहीतर डिकन्स चालू असतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

इंग्लंडच्या या जुन्या भूतकथांमधली भीती मला अंतरात सापडते. लांबवर काहीतरी दिसतं आणि मग ते किती जवळ आलं, याकडे आपलं सगळं लक्ष लागून राहतं. वाचताना ते अंतर वेगळं वाटतं, ऐकताना वेगळं आणि पडद्यावर आणखीनच वेगळं. शेवट कळल्याने यातलं काहीच कमी होत नाही.

जेम्स यांच्या गोष्टी तर मुळात ऐकवण्यासाठीच लिहिलेल्या. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ते मध्ययुगीन हस्तलिखितांचे मोठे जाणकार, पुढे कॉलेजचे प्रमुखही झाले. नाताळात मित्र त्यांच्याकडे जमायचे. जेम्स आतल्या खोलीतून कागद घेऊन बाहेर येत, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या फुंकून टाकत आणि त्या एकीच्या उजेडात वाचायला बसत. १९०४ साली अशा आठ गोष्टींचं पुस्तक निघालं. चित्रं काढायला घेतली होती त्यांचा जिवलग मित्र जेम्स मॅकब्राइड याने, पण चारच पुरी झाली आणि तो गेला. त्या चारांतली दोन शिट्टीच्या गोष्टीची, म्हणजे ‘ओह, व्हिसल, अँड आय विल कम टु यू, माय लॅड’ची आहेत. माझी सर्वांत लाडकी गोष्ट तीच.

पार्किन्स नावाचा एक प्राध्यापक सफोकच्या किनाऱ्यावर सुट्टीला येतो. टेम्पलर सरदारांच्या, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, पडक्या वास्तूत त्याला एक जुनी शिट्टी मिळते आणि रात्री खोलीत तो ती फुंकतो. डोळे मिटले की त्याला एक दृश्य दिसू लागतं. लाटा अडवायला किनाऱ्यावर आडवे घातलेले लाकडी बांध असतात ना, ते एकामागून एक ओलांडत एक माणूस जीव खाऊन पळतोय. प्रत्येक बांधाला त्याची दमछाक वाढत जाते. आणि पार मागे, फिकट, फडफडणारं काहीतरी येतंय. जेम्स एकेक बांध मोजायला लावतात. नंतर खोलीतल्या दुसऱ्या, रिकाम्या पलंगावर जे उठून बसतं ते आंधळं असतं. हातांनी चाचपत चाचपत प्राध्यापकाला शोधतं. चेहरा चुरगळलेल्या कापडाचा. ते आंधळं चाचपणं मला त्या चेहऱ्याहूनही भयंकर वाटतं, कारण आता अंतर उरलेलं असतं फक्त हातभर.

१९६८ साली बीबीसीसाठी जोनाथन मिलर यांनी यावर कृष्णधवल चित्रपट केला, मायकेल हॉर्डर्न यांना घेऊन. हॉर्डर्न त्यात सतत स्वतःशी पुटपुटत असतात, हं-हं करत असतात. माणूस किती एकटा आहे, हे त्या पुटपुटण्यातून कळतं. पुस्तकातला पार्किन्स तरुण आणि नीटनेटका आहे, हा म्हातारा आणि विक्षिप्त. काहींना हा बदल रुचत नाही. मला तो मनापासून पटतो. ज्याला स्वतःच्याच आवाजाची सोबत, त्याच्याजवळ कुणी येऊन उभं राहणं जास्त भिववतं.

डिकन्सचा ‘सिग्नलमन’ (१८६६) मात्र मी आधी कानांनीच घ्यायला सांगते. खोल खोदलेल्या रेल्वेमार्गात, बोगद्याच्या तोंडाशी ड्यूटी करणारा एकटा माणूस. त्याच्या चौकीतली घंटा भूत वाजवतं, पण ती ऐकू येते त्याला एकट्यालाच, समोर बसलेल्या पाहुण्याला नाही. छापील पानावर हे सहज निभतं. ध्वनिनाट्य करणाऱ्याला मात्र ठरवावंच लागतं, ही घंटा श्रोत्यांना ऐकवायची की नाही? ऐकवली तर आपण सिग्नलमनच्या बाजूला, नाही ऐकवली तर पाहुण्याच्या. प्रत्येक नवं रूपांतर मी त्या क्षणासाठी जीव मुठीत धरून ऐकते. या गोष्टीमागे खरा अपघात आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टला डिकन्सचीच गाडी रुळांवरून घसरली, दहा माणसं गेली. पुलावर रूळ काढून काम चाललं होतं, लाल निशाण घेऊन एक माणूस उभाही होता, पण नियमाने उभं राहायला हवं तेवढ्या लांब तो नव्हता. इशारा मिळाला, पण फार जवळून. डिकन्सने तिथे जखमींची शुश्रूषा केली. गोष्टीत सिग्नलमनला बोगद्याच्या लाल दिव्याखाली हात हलवून इशारा देणारी एक आकृती दिसते; हे कळल्यापासून ती मला नुसती भुताची वाटत नाही.

पॉडकास्ट ऐकायचा तर ‘ए पॉडकास्ट टु द क्युरियस’, २०११ पासूनचा. दोघे जण जेम्सची एकेक गोष्ट घेऊन उलगडतात: गाव कुठलं, संदर्भ कसले, लॅटिन वाक्याचा अर्थ काय. पण गोष्ट आधी वाचा, मगच तो लावा, कारण शेवटासकट सगळं बोललं जातं.

सुरुवात शिट्टीच्या गोष्टीने करा. जेम्स १९३६ साली गेले, त्यामुळे मजकूर नेटवर फुकट मिळतो आणि लिब्रिव्हॉक्स या मोफत बोलक्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर वाचनंही आहेत. वाचन निवडताना सावकाश वाचणारा माणूस शोधा. घाईत वाचणाऱ्याने बांध मोजलेले नसतात.