ग्लायडिंग स्पर्धेची डायरेक्टर म्हणून: माझा अनुभव

इंग्लंडमधल्या प्रादेशिक ग्लायडिंग (इंजिनाशिवाय विमान उडवण्याच्या) स्पर्धा क्लबचे सभासदच चालवतात. दोर जोडणारे, ग्लायडर ओढून वर नेणारी टग विमानं उडवणारे, गुण काढणारे, बहुतेक सगळे हौसेने राबणारे. कित्येक जण वर्षाची रजा त्यासाठी राखून ठेवतात. आमच्या क्लबला डायरेक्टर हवा होता, तेव्हा मी हो म्हटलं.

ग्लायडर उडवायला मी पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकले. स्पर्धा मात्र इथे आल्यावरच पाहिल्या. आदल्या वर्षी मी गुण काढणाऱ्यांबरोबर बसले होते. प्रत्येक ग्लायडरच्या लॉगरमधली, म्हणजे उड्डाणाचा मार्ग नोंदवणाऱ्या यंत्रातली, फाइल उघडायची, वैमानिक ठरलेल्या बिंदूंना वळसा घालून आला का, मनाई असलेल्या हवाई हद्दीत शिरला का, ते तपासायचं. ज्यांना डायरेक्टर व्हायचंय त्यांनी आधी हे काम करावंच. कोण किती खाली येईपर्यंत हट्टाने पुढे जातो, हे नकाशावरच्या त्या रेषांत स्पष्ट दिसतं.

स्पर्धा नऊ दिवसांची, शनिवार ते पुढच्या आठवड्याचा रविवार. तयारी हिवाळ्यातच सुरू होते. तारखा ठरवतानाही शेतांचा विचार करावा लागतो. थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, संपले की ग्लायडर शेतात उतरतो. जुलैत पिकं उभी असतात, ऑगस्टमध्ये कापणी झालेली मोकळी रानं मिळू लागतात. मग नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून घ्यायचा, शेजारच्या विमानतळांना कळवायचं, टग जमवायचे. टास्क, म्हणजे त्या दिवसाचा उड्डाणमार्ग, आखणारा आणि हवामान सांगणारा ही दोन माणसं तुमच्या पूर्ण विश्वासातली हवीत. बाकी सगळं ऐनवेळी निभावून नेता येतं.

खरी परीक्षा ग्रिडवर असते. सकाळी ब्रीफिंग झालं की ग्लायडर धावपट्टीवर रांगांत लावतात आणि वाट बघणं सुरू होतं. एका दिवशी दुपार झाली तरी ढगांचा तळ अठराशे फुटांच्या वर जाईना. आमचे टग दोन हजार फुटांवर सोडतात, म्हणजे सोडायचं तरी कुठे? पाहणीसाठी कमी उंचीवर सोडलेला ग्लायडर जेमतेम तग धरून होता. एक अनुभवी वैमानिक माझ्याकडे येऊन म्हणाले, "वर तो टिकलाय ना, मग सोडा आम्हाला." टिकला होता, पण एकटा होता. त्याच ढगांखाली चाळीसेक ग्लायडर एकाच थर्मलमध्ये गिरक्या घेऊ लागले तर टकरीचा धोका किती वाढतो, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा ठरवू म्हटलं. दरम्यान लांबचं टास्क रद्द करून छोटं दिलं. ठरावीक बिंदूंऐवजी मोठी वर्तुळं. त्यांत किती आत जायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, फक्त किमान वेळ पाळायचा. हवेचा भरवसा नसेल तेव्हा हाच प्रकार मला सर्वांत न्याय्य वाटतो. तळ वर चढला, आम्ही सोडलं. तसा चढला नसता, तर तो दिवस मी रद्द केला असता आणि संध्याकाळपर्यंत नाराज चेहरे बघितले असते. डायरेक्टरला ते सोसता आलं पाहिजे.

त्याच संध्याकाळी एकाचा पत्ता लागेना. फोन लागत नव्हता, शेतात उतरलेला ग्लायडर आणायला जाणारी त्याची क्रू ट्रेलर जोडून ताटकळत उभी. ग्लायडरमधल्या फ्लार्म या टकरीचा इशारा देणाऱ्या यंत्राचे संदेश टिपणारं ओपन ग्लायडर नेटवर्क हौशी लोकांच्या रिसीव्हरांवर चालतं. त्यावर त्याची शेवटची जागा एका दरीच्या तोंडाशी दिसली. आम्ही क्रूला तिकडे पाठवलं. तो सुखरूप उतरला होता, पण तिथे रेंज नव्हती, म्हणून शेतकऱ्याचं घर शोधत चालत निघाला होता. त्याच्या नावापुढे खूण होईपर्यंत मी गुणांकडे पाहिलंही नाही. दिवसाच्या विजेत्याला जास्तीत जास्त हजार गुण मिळतात, त्यावरून वाद झडतात. निकालाच्या कागदावर मात्र गुणांइतकीच 'परतला' ही खूणही महत्त्वाची असते.

शेवटच्या दिवशी हवाई हद्दीत शिरल्याबद्दल दंड झालेल्या एका वैमानिकाने दाद मागितली. लॉगरची रेषा त्याच्यासमोर ठेवली, नियम वाचून दाखवला, दंड कायम ठेवला. तोच दंड आदल्या दिवशी क्लबच्या लाडक्या सभासदालाही झाला होता, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

पुढच्या वर्षीही मी होकार दिलाय. क्लबकडे दोन गोष्टी मागितल्यात: शेतात उतरलेल्यांचे फोन घ्यायला संध्याकाळी पाळीपाळीने दोघं जण, आणि प्रत्येक क्रूचा नंबर ग्रिडवर जाण्याआधीच लिहून घेण्याची सक्ती.