तारखेप्रमाणे लावलेलं झेपेलिन: 'बीबीसी सेशन्स'ची नोंदवही

नोंद १

मंडळी, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने बीबीसी रेडिओसाठी वाजवलेल्या गाण्यांचा 'बीबीसी सेशन्स' हा १९९७ सालचा दोन सीडींचा संच माझ्याकडे कित्येक वर्षं आहे, पण आजवर तो ऐकला तो छापील क्रमानेच. यंदा ठरवलं, की पहिली सीडी सुटी करायची आणि गाणी ध्वनिमुद्रणाच्या तारखेप्रमाणे लावून ऐकायची. छापील क्रम चांगलाच चकवतो. पहिली दोन गाणी ३ मार्च १९६९ ची, तिसरं एकदम १६ जूनचं, चौथं पुन्हा मार्चचं. ऐकायला मजा येते, पण बँड कुठून कुठे गेला याचा थांग लागत नाही.

सीडीवरून संगणकावर फाइली काढल्या आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन' या सीडीवर तीनदा आहे. एकाच नावाच्या जादा प्रती काढून टाक, असं सॉफ्टवेअरला मीच कधीतरी सांगून ठेवलेलं. त्याने इमानेइतबारे दोन उडवल्या. पुन्हा काढल्या. आता फाइलच्या नावात आधी तारीख, मग जागा, मग गाणं.

नोंद २

चौदा गाण्यांचे चार ढीग झाले. ३ मार्च, प्लेहाउस थिएटर: तीन. १६ जून, एओलियन हॉल: तीन. २४ जून, मेडा व्हेल स्टुडिओ: चार. २७ जून, पुन्हा प्लेहाउस, पण या वेळी समोर प्रेक्षक: चार. सगळ्या जागा लंडनमधल्या.

अशी सेशन्स इतकी का झाली, हे नव्या मंडळींसाठी थोडक्यात. त्या काळी बीबीसीला बाजारातल्या तबकड्या रेडिओवर किती तास वाजवायच्या यावर मर्यादा होती. तिला 'नीडल टाइम' म्हणत. वादकांच्या संघटनेला आपली कामं जायची भीती होती, आणि रेकॉर्ड कंपन्यांनाही फुकट वाजवणं नको होतं. मग उरलेला वेळ भरायचा तर कलाकारांना स्टुडिओत बोलावून वाजवून घ्यायचं. रेडिओ निवेदक जॉन पीलचा 'टॉप गिअर' कार्यक्रम अशाच सेशन्सवर चालायचा. म्हणजे आज आपण जे जपून ऐकतो ते एका कटकटीच्या करारातून आलेलं आहे.

३ मार्चचा ढीग आधी ऐकला. तेव्हा त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये यायचा होता. हे लक्षात ठेवून ऐका, वाजवण्यातली घाई वेगळी वाटते. गिटारवादक जिमी पेज आणि बासवादक जॉन पॉल जोन्स दोघेही मुरलेले सेशन वादक, म्हणजे इतरांच्या ध्वनिमुद्रणांत मोबदल्यावर वाजवणारे, मोजक्या वेळात काम उरकायची सवय असलेले. त्यांना इथे दडपण जाणवत नाही.

नोंद ३

या आठवड्यात फक्त 'यू शुक मी'. अमेरिकी गीतकार विली डिक्सनचं ब्लूज गाणं. मार्चमधलं सव्वापाच मिनिटांचं, २७ जूनचं सव्वादहा. गाणं तेच, बँड तोच, मध्ये चार महिनेही नाहीत, आणि लांबी जवळपास दुप्पट! आधी वाटलं बँड सैलावला. तीन-चार रात्री ऐकल्यावर मत बदललं. मार्चचं सेशन रेडिओच्या चौकटीत बसवलेलं आहे, जून अखेरीस समोर माणसं बसलेली आहेत. गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज आणि पेजची गिटार एकमेकांच्या मागे धावतात तो खेळ दोन्हीकडे आहे, पण जूनमध्ये तो संपवायची कुणाला घाई नाही. खोली बदलली की गाणं बदलतं. 'आय कान्ट क्विट यू बेबी'चंही तेच: साडेचार मिनिटांच्या आतलं गाणं सव्वासहाच्या पुढे जातं.

ऐकताना आवाजाची पातळी हाताने जुळवून घ्या. जे मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. मीही आधी फसलो होतो.

नोंद ४

तीन 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन'. १६, २४ आणि २७ जून. बारा दिवसांत तिसऱ्यांदा. मधलं सर्वांत आखूड, २ मिनिटं ४० सेकंद. माझं मत १६ जूनच्या बाजूने, बाकीचे दोन्हीही चालतील. भांडायला मोकळे आहात.

खरा ऐवज मात्र २४ जूनच्या ढिगात आहे. 'होल लॉटा लव्ह' इथे आहे, आणि ते ज्या दुसऱ्या अल्बममध्ये आलं तो बाजारात यायला ऑक्टोबर उजाडला. शिवाय 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज': ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३७ मध्ये डॅलसला मुद्रित केलेलं गाणं, झेपेलिनच्या त्या काळच्या कुठल्याच अल्बममध्ये नाही. पेजची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) हेडफोनवर ऐका. आणि १६ जूनच्या 'द गर्ल आय लव्ह'ची रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, ओळखीची वाटली तर चुकलात असं नाही. तिचं जवळचं नातं त्यांच्याच पुढच्या 'मोबी डिक' या गाण्याशी आहे.

नोंद ५

दुसऱ्या सीडीला तारखेची कटकट नाही. सगळी एकाच मैफलीतली: १ एप्रिल १९७१, पॅरिस थिएटर. नाव पॅरिस, जागा लंडनच. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मार्च १९६९ मध्ये पावणेसात मिनिटांच्या आत आटोपलं होतं, इथे साडेअठरा. दोन्ही पाठोपाठ लावले तर दोन वर्षांची चाल एका बैठकीत ऐकू येते, आणि माझ्या सगळ्या उपद्व्यापाचं चीज इथेच झालं.

त्यानंतर 'स्टेअरवे टू हेवन'. चौथा अल्बम यायला अजून सात महिने होते. सुरुवातीचे सूर वाजतात आणि श्रोत्यांतून ओळखीचा आरडाओरडा नाही. ते गाणं त्यांच्यापैकी बहुतेकांना माहीतच नव्हतं. इतक्या शांततेत ते पुढे क्वचितच कुणाला ऐकायला मिळालं असेल.

'होल लॉटा लव्ह'ची मेडली (त्यात इतर गाणी गुंफून केलेलं लांब सादरीकरण) १९९७ च्या सीडीवर कापलेली आहे, याची खंत जुन्या संग्राहकांना आहे. मलाही आहे.

नोंद ६

याच संचाच्या २०१६ च्या वाढीव 'कम्प्लीट' आवृत्तीची तिसरी सीडी आता हातात घेतली आहे. ब्लूज संगीतकार अॅलेक्सिस कॉर्नरच्या रेडिओ कार्यक्रमासाठीचं १९ मार्च १९६९ चं सेशन तिच्यात आहे, 'सनशाइन वूमन'सकट. बीबीसीची मूळ टेप राहिली नाही. कुणीतरी रेडिओवरून उतरवून घेतलं होतं त्यावरून हे आलंय. आवाज दबलेला, खरखरीत. तरी ते ३ मार्च आणि १६ जूनच्या मध्ये आपल्या जागी बसवलं आहे. आवाजाची पातळी काही जुळत नाही. उद्या रात्री पुन्हा प्रयत्न.