पावसात एकटा पळलेला माकवाला

रविवार, १३ ऑगस्ट २०१७, इलफर्ड, लंडन

गेला आठवडाभर सांगलीच्या ग्रुपवर एकच चाललंय, उसेन बोल्टला बघितलंस का, बोल्टचा फोटो टाक की. नाही बघितलं गं. अ‍ॅथलेटिक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप आमच्या घरापासून ट्रेनने चार स्टेशनांवर, मॅनर पार्क, फॉरेस्ट गेट, मेरीलँड आणि स्ट्रॅटफर्ड, एवढ्या जवळ असूनही शंभर मीटरच्या फायनलची आमच्या खिशाला झेपणारी तिकिटं उरलीच नव्हती, मग बुधवार ९ तारखेची संध्याकाळ घेतली. मोठ्यांची दोन आणि लेकीचं एक. मुलांची तिकिटं इथे ९ पाउंड ५८ पेन्सपासून होती, म्हणजे बोल्टचा ९.५८ सेकंदांचा जो वर्ल्ड रेकॉर्ड आहे तोच आकडा, लेकीला ते इतकं आवडलं की तिने महिनाभर तिकीट फ्रिजवर लावून ठेवलं होतं. पण बुधवारी बोल्ट नव्हता. आणि त्या संध्याकाळी मी जे बघितलं त्याच्या बदल्यात कोणी मला बोल्टची फायनल दिली तरी मी घेणार नाही, ते का ते सांगायला आज बसलीय.

आयझॅक माकवाला हे नाव आठवड्यापूर्वी मलाही माहीत नव्हतं. बोत्सवानाचा, दोनशे आणि चारशे दोन्ही पळतो. बोत्सवाना म्हणजे दक्षिण आफ्रिकेला लागून असलेला देश, सगळा देश मिळून वीस-बावीस लाख माणसं. याच जुलैमध्ये माद्रिदला त्याने एकाच दिवशी दोनशे मीटर १९.७७ मध्ये आणि चारशे मीटर ४३.९२ मध्ये मारलं, एकाच दिवशी वीसच्या आत आणि चव्वेचाळीसच्या आत हे त्याआधी जगात कोणीच केलेलं नव्हतं. त्यानंतर आठवड्याभरात मोनॅकोला चारशे ४३.८४. म्हणजे इथे येताना दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन नीकर्कला कोणी टक्कर देईल तर हाच, असं सगळे म्हणत होते.

आणि मग ते उलट्यांचं प्रकरण झालं. काही टीम ज्या हॉटेलात उतरल्या होत्या तिथे नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा झपाट्याने पसरणारा व्हायरस, पसरला. सोमवारी दोनशेच्या हीट, म्हणजे पहिल्या फेरीच्या शर्यती होत्या, त्याआधी माकवालाला उलटी झाली असं आयोजकांच्या डॉक्टरांचं म्हणणं, आणि मी ठणठणीत आहे, माझी टेस्टसुद्धा कोणी केली नाही असं त्याचं म्हणणं. आयएएएफने, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने, त्याला बाहेर काढलं, ४८ तास क्वारंटाइन. मंगळवारी रात्री चारशेची फायनल, तो स्टेडियमच्या गेटवर आला आणि त्याला तिथूनच परत पाठवलं, ते सगळं टीव्हीवर दिसलं. गळ्यात पास, पाठीला सॅक, समोर अधिकारी हात आडवा धरून उभा, आणि हा गडी शांतपणे काहीतरी समजावायचा प्रयत्न करतोय. मला ते बघवेना. चारशेच्या फायनलला सातच जण पळाले, त्याची लेन रिकामी. व्हॅन नीकर्क ४३.९८ ला जिंकला. दुसरा आला तो ४४.४१ ला, तिसरा ४४.४८ ला. आता मोनॅकोचा ४३.८४ आठवा. पळायला मिळालं असतं तर मेडल आलंच असतं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, फायनलचं तसं नसतं, पण मनातून ते जातही नाही.

त्या रात्री जेवताना आमच्याकडे यावरून जुंपली. माझा नवरा नर्स आहे, मिरजेला होता तेव्हा सगळे ब्रदर म्हणायचे, इथे नर्सच म्हणतात. तो म्हणाला, "अगं, नियम बरोबर आहे. उलट्या थांबल्यापासून ४८ तास कोणात मिसळायचं नाही. आमच्या वॉर्डात एकाला झालं की तीन दिवसात निम्मा वॉर्ड झोपतो." मी म्हटलं, "मग तपासा तरी त्याला, आख्खं आयुष्य घालवलंय त्याने त्या एका रात्रीसाठी." तो म्हणाला, "तपासून काय करणार, रिपोर्ट येईपर्यंत शर्यत संपलेली असते, आणि बाकीच्या सात जणांचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी मी ऐकलं नाही.

का ऐकलं नाही ते मला माहितीय. गेल्या हिवाळ्यात लेकीला रात्री एकदा उलटी झाली, सकाळी एकदम बरी, मी युनिफॉर्म घालून शाळेत नेली आणि भोळेपणाने सांगून टाकलं तर गेटवरूनच परत पाठवलं, ४८ तास आणू नका. दार आमच्या तोंडावर लागलं आणि आतली सगळी पोरं काचेतून तिच्याकडे बघत होती. नियम बरोबर होता, आज कळतं. पण गेटच्या बाहेर उभं राहायला लागतं तेव्हा आपण परक्या देशात आहोत हे जितकं लख्ख कळतं ना तितकं एरवी नाही कळत, आणि मंगळवारी टीव्हीवर तो माणूस दिसला तेव्हा मला ती सकाळच आठवली.

बुधवारी दिवसभर पाऊस. ऑगस्ट महिना आणि स्वेटर, त्यावर रेनकोट, तिखटामिठाच्या पुऱ्या डब्यात, असं करून आम्ही तिघं स्ट्रॅटफर्डला उतरलो. वेस्टफील्ड मॉलमधून गर्दीबरोबर चालत ऑलिम्पिक पार्क, २०१२ चं ऑलिम्पिक झालं तेच स्टेडियम. ट्रेनमध्येच नवऱ्याने फोनवर वाचून दाखवलं होतं की दुपारी दोनला क्वारंटाइन संपलं, डॉक्टरांनी पास केलं, बोत्सवानाच्या फेडरेशनने लेखी विनंती केली आणि आयएएएफने मान्य केली. माकवाला पळणार. पण त्याची हीट तर सोमवारीच होऊन गेली. म्हणून तो एकटाच पळणार, ६:४० ला, दोनशे मीटर, आणि २०.५३ किंवा त्याहून कमी वेळ आला तर त्याच संध्याकाळी सेमीफायनलला घेणार.

मला आधी डोळ्यासमोर येईना हे कसं दिसेल. शाळेत असताना शिवाजी स्टेडियमवर फक्कीने आखलेल्या रेषांवर आम्ही पळायचो, तेव्हाही शेजारी कोणीतरी असायचंच, तिला मागे टाकायचं एवढंच डोक्यात असायचं, वेळ बिळ कोण बघतंय. दोनशेची शर्यत वळणावर सुरू होते ना, म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं पुढे उभं करतात, सातव्या लेनवाल्याला समोर आठवा नववा दिसत असतो, आतून सहाव्याची चाहूल लागते, त्या चाहुलीवर माणूस पळतो. इथे काहीच नाही. सातवी लेन, पाय टेकवून सुटायचा एकच ब्लॉक, आणि बाकी सगळा लाल ट्रॅक ओला, त्यावर पाणी साचलेलं आणि फ्लडलाइट त्या पाण्यात चमकतायत. आदल्या दिवशी सात जण आणि एक रिकामी लेन, आणि आज सगळ्या लेन रिकाम्या आणि एक जण.

स्टेडियम तेव्हा भरलेलंही नव्हतं, लोक अजून छत्र्या झटकत जिना चढत होते. त्याचं नाव घेतलं आणि जो आवाज झाला तो मी कधी विसरणार नाही. मागच्याच शनिवारी याच स्टेडियममध्ये अमेरिकेच्या जस्टिन गॅटलिनची हुर्यो उडवली होती लोकांनी, दोनदा डोपिंगमध्ये बंदी भोगलेला माणूस आणि त्याने शंभरच्या फायनलला ९.९२ मध्ये बोल्टला हरवलं, अमेरिकेचाच कोलमन ९.९४, बोल्ट ९.९५, जिंकल्यावर गॅटलिनने ओठांवर बोट ठेवलं आणि मग जाऊन बोल्टसमोर गुडघ्यावर बसला. टीव्हीवर ती हुर्यो ऐकताना मला कसंसंच झालं होतं, राग समजतो मला, पण ज्याने शिक्षा भोगली त्याला पळून झाल्यावर साठ हजार लोकांनी ओरडून हाकलायचं हे माझ्या पचनी पडत नाही. आणि तेच हे लोक, अनोळखी देशाच्या अनोळखी माणसासाठी उभे राहिले होते. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, इथलेच गोरे, चष्म्यावर सगळं पाणी, चष्मा पुसायचा सोडून टाळ्या वाजवत होते.

मग तो ब्लॉकमध्ये बसला आणि सगळं गप्प. मोठ्या शर्यतीआधीची शांतता मी टीव्हीवर शंभरदा बघितलीय पण ही वेगळी होती, एका माणसासाठी सगळे श्वास रोखून. लेकीने माझा रेनकोट मुठीत धरला. बंदूक झाली आणि तो सुटला. वळणावर त्याच्या बुटांतून पाणी उडताना दिसत होतं, प्रत्येक पावलाला छोटा फवारा. आणि सरळ पट्ट्यावर आला तेव्हा मला वाटलं आता ढिला पडेल, कारण ज्याच्यापासून पळायचं असं शेजारी कोणीच नाही, पण उलट खांदे जरासुद्धा वर गेले नाहीत, मान ताठ, हात तसेच. नवरा, जो काल रात्री नियम सांगत होता तोच, बाकावर उभा राहून "चल चल चल" करत ओरडत होता, चक्क मराठीत. घड्याळ थांबलं. २०.२०. हवा होता २०.५३.

आणि त्याने काय करावं, रेषेच्या पुढे जाऊन ओल्या ट्रॅकवर पुशअप मारले. बघा, आजारी दिसतोय का मी. एक शब्द न बोलता.

मधल्या दोन तासांत बरंच काही झालं, जी. लक्ष्मणन, आपला तमिळनाडूचा, पाच हजारच्या हीटमध्ये पळला, पुढे नाही गेला पण स्वतःचा आजवरचा बेस्ट टाइम काढला आणि आम्ही तिघांनी घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं. पण मी खरं सांगू, डोळे सगळं बघत होते आणि डोकं सारखं तिकडेच, तो आता कुठे बसला असेल, पाय गार पडले असतील का, परत वॉर्मअप करायला अंगात काही उरलं असेल का.

सेमीफायनलला त्याला मिळाली पहिली लेन. सगळ्यात आतली, सगळ्यात आखूड वळण, उंच दणकट माणसाला तिथे वेग धरणं महाकठीण, त्यात पाऊस. आणि बाकीचे सगळे ताजे, हा दोन तासांपूर्वी जीव तोडून पळालेला. २०.१४. आधीपेक्षा फास्ट! अमेरिकेचा आयझाया यंग २०.१२ ला पहिला आणि हा दुसरा, थेट फायनलमध्ये. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून लेकीला टाळी दिली. त्यानंतर नॉर्वेचा कार्स्टन वारहोल्म म्हणून एकवीस वर्षांचा पोरगा चारशे मीटर हर्डल्स जिंकला आणि दोन्ही हात गालांवर ठेवून असा आ वासून उभा राहिला, त्याचा स्वतःवर विश्वासच बसेना. बायकांच्या चारशेत शॉने मिलर-उइबो पुढे होती आणि शेवटच्या टप्प्यात अडखळली, गेलं सगळं.

गुरुवारी फायनल घरी टीव्हीवर बघितली. तो सहावा आला, २०.४४. पाय संपले होते ते सरळ दिसत होतं, शेवटच्या पन्नास मीटरमध्ये एकेक जण त्याच्यापुढे निघून गेला. जिंकला तुर्कस्तानचा रामिल गुलियेव, २०.०९, मूळचा अझरबैजानचा, आणि त्याने जिंकल्यावर दोन्ही देशांचे झेंडे अंगावर घेतले. ते बघून मात्र मला भरून आलं, इथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. व्हॅन नीकर्कला सिल्व्हर आणि त्रिनिदादच्या जेरीम रिचर्ड्सला ब्राँझ, दोघांचाही टाइम २०.११, हजाराव्या भागावर निकाल लागला, २०.१०६ आणि २०.१०७.

काल बोल्टची शेवटची रिले पण टीव्हीवरच. बॅटन हातात आलं, चार पावलं जोरात आणि मग पायात लचक भरल्यासारखा लंगडत खाली पडला. व्हीलचेअर आणली तर बसला नाही, बाकीच्या तिघांबरोबर चालत रेषा ओलांडली. ब्रिटनने ३७.४७ मध्ये गोल्ड मारलं आणि आमच्या बिल्डिंगमध्ये खालून वरून आरडाओरडा, आणि आम्ही तिघं मात्र गप्प बसून बोल्टकडे बघत होतो.

आज सकाळी लेक आंघोळीला जाईना, तिला मंगळवारची चारशेची फायनल परत बघायची होती. लावून दिली. सात जण आपापल्या ब्लॉकशी उभे, कॅमेरा एकेकाचं तोंड दाखवत सरकत चाललेला. तिने मध्येच स्क्रीन थांबवली आणि जिथे कोणीच नव्हतं तिथे बोट ठेवून विचारलं, "आई, ही त्याची का?"

नवरा मागे उभा होता, नाइट करून नुकताच आलेला, युनिफॉर्ममध्येच. तोच म्हणाला, "हो. ही त्याची."