नऊशेच्या बाहेरचा इतिहास : तिसऱ्या महिन्याची नोंद

ग्रंथालयातून इतिहासाची पुस्तकं आणून वाचायला लागलो, त्याचा हा तिसरा महिना. आधी कबुली देतो. पहिले सहा आठवडे मी ९४० च्या, म्हणजे युरोपच्या इतिहासाच्या, कपाटापुढेच काढले. महायुद्धांवरचे चार ठोकळे घरी आणले, दीड वाचून झाला. बाकीचे मुदतवाढ घेऊन घेऊन तसेच परत केले.

या महिन्यात कपाट बदललं. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत इतिहासाला ९०० चा वर्ग आहे खरा, पण रोगाचा इतिहास लिहिला की पुस्तक जातं ६१४ ला, सार्वजनिक आरोग्यात. समुद्रावर रेखांश कसा काढायचा, या भांडणाची गोष्ट सापडते ५२६ ला, भूमापनाच्या शेजारी. तिथे इतिहास शोधायला कोण जातं?

६१४ मध्ये १८५४ च्या लंडनमधला कॉलरा मिळाला. डॉक्टर जॉन स्नो, ब्रॉड स्ट्रीटचा दूषित पाण्याचा पंप, त्याभोवतीच्या मृत्यूंचा नकाशा हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असंही. पुस्तकात मात्र दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, आणि हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते बिअर प्यायचे, पंपाचं पाणी नाही. मला नकाशापेक्षा ही बिअरच जास्त पटली.

५२६ मधलं, रेखांशासाठी समुद्रावर चालणारं घड्याळ बनवणाऱ्या जॉन हॅरिसनवरचं पुस्तक बरं आहे. मूळचा सुतार, त्यात १७१४ च्या कायद्यातलं वीस हजार पौंडांचं बक्षीस. गोष्ट आपोआपच पळते. लेखक मात्र आकाशावरून रेखांश काढू पाहणाऱ्या खगोलवाल्यांना जरा जास्तच खलनायक करतो.

निवडायची माझी रीत आता अशी : मलपृष्ठ वाचायचंच नाही. थेट शेवटची शब्दसूची उघडायची. तिथे नुसते राजे आणि लढाया असतील तर पुस्तक परत फळीवर. 'मीठ', 'भाडं', 'दाई' असले शब्द दिसले की पिशवीत.

परवा अशाच एका जुन्या पुस्तकाची १४४ पानांपुढची पानं वरच्या कडेला जोडलेलीच निघाली. छापल्यापासून कुणी कापलीच नव्हती. घरी पट्टी चालवायचा मोह झाला, पण पुस्तक ग्रंथालयाचं. ग्रंथपालांनी बोथट सुरीने एकेक घडी सावकाश उघडून दिली. म्हणजे आधीच्या वाचकाने फार तर १४४ पर्यंतच तग धरला. मी सध्या ११२ वर आहे, आणि प्रकरण जमीनमहसुलाचं आहे.